पासष्ट हजारांतला सिनेमा

सिनेमाच्या धंद्यात धाराशिव बराच काळ निझामाच्या राज्यातच राहिलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वहीतला 'निझाम' हा विभाग हलला नाही. तेलंगण, कर्नाटकातले बिदर-गुलबर्गा आणि आपला मराठवाडा हा सगळा एकच 'निझाम सर्किट'. मुंबईत चित्रपट तयार झाला की त्याचे हक्क विभागवार विकले जायचे, आणि तुळजापूरच्या पब्लिकपुढे कोणता खेळ लागणार हे हैदराबादच्या पेढीवर ठरायचं. तुळजापुरापासून सोलापूर जेमतेम ४५ किलोमीटर, पण सिनेमाच्या नकाशावर दोन्हींच्या मध्ये सरहद्द होती.

या सर्किटच्या टोकाला, जिथे पक्कं थिएटर नव्हतं तिथे, तंबूतल्या सिनेमाची पेटी पोचायची. त्या पेटीतून पुष्कळदा निघायचा तो मारधाडीचा सिनेमा. डाकू, खंजीर, खजिना, बुरखाधारी वीर, संकटातली प्रेयसी, आणि शेवटच्या रिळात खलनायकाचा निकाल. प्रतिष्ठित मंडळी याला 'स्टंटपट' म्हणून बाजूला सारायची. मराठी चित्रपटाचा इतिहास आपण दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, प्रभात अशा पायऱ्यांनी सांगतो, आणि त्या पायऱ्या खऱ्याच आहेत. पण गिरणगावातल्या आणि जत्रेतल्या माणसाला सिनेमाची गोडी लावण्यात या स्वस्तातल्या चित्रपटांचा वाटा फार मोठा होता. ते बनवणाऱ्यांत मराठी माणसं पुढे होती, आणि त्यांच्या कामाचा जवळजवळ मागमूसही उरलेला नाही. मला हे फार लागतं.

या चित्रपटांचं बीज अमेरिकेतलं. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून हॉलिवूडचे भागाभागांचे साहसपट हिंदुस्थानात येऊ लागले. पर्ल व्हाइटची 'पेरिल्स ऑफ पॉलिन' १९१४ ची. एडी पोलो हा कसरतपटू नायक तर इथल्या पोरांच्या तोंडी बसला होता. युनिव्हर्सल कंपनीने १९१६ मध्येच हिंदुस्थानात आपली एजन्सी उघडली. मग डग्लस फेअरबँक्स आला. 'मार्क ऑफ झोरो' १९२० चा आणि 'थीफ ऑफ बगदाद' १९२४ चा. तोंडावर बुरखा, कमरेला तलवार, सज्ज्यावरून उडी, आणि हे सगळं एका मुलीच्या प्रेमापायी. १९२७-२८ मध्ये रंगाचारियर समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, तेव्हा इथे दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत परदेशी, त्यातही अमेरिकन, चित्रपटांचंच राज्य होतं.

खुद्द हॉलिवूडमध्येही या मालाचा एक गरीब मोहल्ला होता. गोवर स्ट्रीटच्या परिसरातल्या लहान लहान स्टुडिओंना 'पॉव्हर्टी रो' म्हणत, म्हणजे दारिद्र्याची आळी. कोलंबियासारखी पुढे मोठी झालेली कंपनी तिथेच वाढली. १९३० च्या दशकात मोनोग्राम, रिपब्लिक आणि नंतर पीआरसी या कंपन्यांनी तिथे नाव केलं. मंदीच्या दिवसांत अमेरिकन थिएटरवाले एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागले. त्यातला दुसरा तासा-सव्वा तासाचा, ठोक भाड्याने मिळणारा. भाडं ठरलेलं, म्हणजे नफा हवा तर खर्चातूनच वाचवायचा. म्हणून मग चोर-पोलीस, एक पिस्तूल, एक बाई, एक मोटार आणि धुकं. धुकं अशासाठी की त्यामागे सेट नसल्याचं दिसत नाही. या वाटेने १९४५ मध्ये एडगर उल्मरने पीआरसीसाठी 'डिटूर' काढला. प्रेयसीला भेटायला देश ओलांडून निघालेला एक पियानोवाला वाटेत एका मृत्यूत अडकतो आणि एका बाईच्या कचाट्यात सापडतो. लांबी ६८ मिनिटं, बराचसा भाग मोटारीतल्या दोन माणसांवर. आपण तो सहा दिवसांत उरकला, असं उल्मर सांगायचा. अभ्यासकांना तो आकडा पटत नाही, पण पैसा किती तोकडा होता ते पडद्यावर दिसतं, आणि तरीही माणूस खुर्चीला खिळून राहतो.

आपल्याकडची दारिद्र्याची आळी मुंबईत दादर-परळच्या आसपास होती, आणि मूकपटांच्या काळात पुण्यातही. सुरुवातीचा मोठा नायक मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून तो वर आला. १९२४ च्या 'कल्याण खजिना'त त्याचं पहिलं काम होतं ते नाचणारणीचं. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांनी त्याला असं डोक्यावर बसवलं की लोक त्याला हिंदुस्थानचा फेअरबँक्स म्हणू लागले. पहिला बोलपट 'आलम आरा' करण्यासाठी तो शारदा सोडून इम्पीरियलकडे गेला, तेव्हा करारभंगाचा खटला उभा राहिला आणि विठ्ठलची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी. खटला जिंकला, पण पडद्यावर उर्दू जमेना. १९३१ च्या त्या ऐतिहासिक बोलपटाच्या नायकाला बराच वेळ मोजकंच बोलायला ठेवावं लागलं. तलवारीच्या जोरावर मिळालेलं राज्य जिभेने घालवलं. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक पटांनी त्याला पुन्हा मराठीत उभं केलं खरं, पण ते पहिलं तेज पुन्हा आलं नाही.

त्याच १९३१ साली पुण्यात ग. प. पवारांनी अगरवाल फिल्म कंपनीसाठी 'दिलेर जिगर' काढला. या चित्रपटावर थोडं थांबायला हवं, कारण या जातीचा तो हाती राहिलेला दुर्मीळ पुरावा आहे. राजाचा भाऊच राजाचा काटा काढतो. तान्हा राजपुत्र वाचतो, आणि आपण कोण हे ठाऊक नसताना रस्त्यावर कसरतीचे खेळ करत वाढतो. त्याच्या जोडीला खेळ करणारी सारंगा त्याच्यावर जीव टाकते. राज्य बळकावणाऱ्याची नजर सारंगेवर पडते आणि नायक मरणाच्या दारी जातो. इथवर सगळं ठरलेल्या वाटेने. पण मग सोडवायला बुरखा बांधून येते ती सारंगा. झोरोचा बुरखा पुण्यात पोचता पोचता एका बाईच्या तोंडावर आला. बाईच हाणामारी करणारी वाडियांची 'हंटरवाली' अजून चार वर्षं दूर होती. ती सारंगा म्हणजे अंबिका सगुण, येवल्याची, १९१६ सालचा जन्म, तेव्हा पंधरा वर्षांची. पुढे अवघ्या देशाने ज्यांना खाष्ट सासू म्हणून ओळखलं त्या ललिता पवार. त्यांच्या म्हातारपणीच्या मंथरेवर वाढलेल्या पिढीने ही उड्या मारणारी पोरगी पाहायलाच हवी.

आणि मग भगवान. भगवान आबाजी पालव, जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावती. वडील गिरणीत कामाला. पोरगा मजुरी करत होता, तालमीत घुमत होता आणि मिळेल त्या पैशांत सिनेमे पाहत होता. मूकपटांच्या शेवटच्या काळात 'बेवफा आशिक' मधून तो पडद्यावर आला. १९३०च्या दशकाच्या मध्यावर 'हिम्मत-ए-मर्दा' मध्ये ललिता पवारांबरोबर बोलपटात उतरला. १९३८ मध्ये चंद्रराव कदमांच्या जोडीने 'बहादुर किसान' दिग्दर्शित केला आणि मग रांगच लागली: 'क्रिमिनल', 'बदला', 'बहादुर', 'मतलबी', 'जलन', 'लालच', 'भेदी बंगला', 'जोकर'. गुन्हा, सूड, फसवणूक, लोभ, आणि त्यातून वाट काढणारं प्रेम. नावावरूनच मामला कळतो. मधेच मद्रासला जाऊन त्यांनी तमिळमध्ये 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' केले. दोन्हींचं संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे पुढच्या सी. रामचंद्रांचं. ही दोस्ती नंतर फळाला आली.

भगवानदादा एक चित्रपट पासष्ट हजारांत उरकत, असं सांगितलं जातं. त्या काळी वाडियांच्या 'हंटरवाली'ला ऐंशी हजारांच्या आसपास खर्च आल्याचं म्हणतात, आणि तो चित्रपट घ्यायला आधी वितरक धजत नव्हते. पासष्ट हजारांत चित्रपट करायचा म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कथा, दिग्दर्शन, निर्मिती, नायकाचं काम, मारामाऱ्यांची आखणी, एवढं एकाच माणसाने अंगावर घ्यायचं. युनिटच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळं दादाच बघत. उडी नायकाने स्वतः मारायची, कारण बदली माणसाला वेगळे पैसे पडतात. एक सेट मोडायच्या आत त्याचा रंग बदलून दुसऱ्या प्रसंगात वापरायचा. आणि रीटेक शक्यतो नाही. कच्ची फिल्म परदेशातून यायची, महायुद्धाच्या काळात तर ती मोजून मिळायची.

ही काटकसर माणसांच्या अंगावर यायची, हेही त्याच इतिहासात लिहायला हवं. १९४२ ची 'जंग-ए-आझादी'. प्रसंगात भगवानने ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षं उपचार चालले, पण डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून चाललेली कारकीर्द सव्विसाव्या वर्षी तिथेच थांबली. त्या बाईने त्याच बारीक झालेल्या डोळ्याने पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं पडदा गाजवला, 'अनाडी'तल्या मिसेस डिसासाठी फिल्मफेअर मिळवलं. तो त्यांचा पराक्रम. पण या अपघाताकडे 'नशिबाचा फेरा' म्हणून पाहू नये. ज्या पद्धतीत तालमीला वेळ नाही, मारामारीला सराईत माणूस नाही आणि विमा हा शब्दही नाही, तिथे असं होणारच. पडद्यावरच्या त्या उड्यांमागे किती लंगडे पाय आणि किती मोडलेल्या बरगड्या असतील, त्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही.

त्याच १९४२ मध्ये भगवानदादांनी स्वतःची 'जागृती पिक्चर्स' काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला जमीन घेऊन 'जागृती स्टुडिओ' उभा केला. गिरणी कामगाराच्या पोराचा स्वतःचा स्टुडिओ! त्याचा पाया मारधाडीच्या चित्रपटांच्या तिकिटांचा होता.

ती तिकिटं कोण काढत होतं? मुंबईत गिरणगाव. सोलापुरात गिरण्यांतून सुटणारी पाळी. बार्शीला जयशंकर आणि राजन मिलचे कामगार. आणि त्यापलीकडे आमचा मुलूख. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी धावू लागली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. येडशी, कळंब रोड, ढोकी ही स्टेशनं तिच्या वाटेवरची. जिल्ह्याच्या गावाला, धाराशिवला, मात्र ब्रॉडगेज होईपर्यंत रेल्वे नव्हती. म्हणजे पेटी उतरायची ती आडस्टेशनावर, आणि तिथून पुढे बैलगाडी किंवा खटारा.

सिनेमा गावाच्या नव्हे, जत्रेच्या हिशेबाने चालायचा. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी, नळदुर्गजवळ मैलारपूरचा पौषातला खंडोबा, तुळजापूरचं नवरात्र, धाराशिवला ख्वाजा शमशोद्दीन गाझींचा उरूस. जिथे माणूस जमेल तिथे तमाशाची कनात, पाळणा, मौत का कुआँ आणि सिनेमाचा तंबू. संध्याकाळी भोंग्यावर गाणी सुरू झाली की कळायचं, खेळ आहे. तंबूत खाली जमिनीवर बसायचं, मागे चार बाकं किंवा खुर्च्या. बायकांची बाजू कनात बांधून वेगळी. प्रोजेक्टर एकच असला की दर रिळानंतर अंधार, आणि त्या अंधारात पब्लिक पुढची गोष्ट आपसात ठरवून टाकायचं. वीज नव्हती, म्हणून इंजिनाचा धडधडाट तंबूमागे चालूच. त्या धडधडाटात भावनेचे लांबलचक संवाद कुणाला ऐकू येणार? तलवारीचा खणखणाट मात्र येतो. तंबूवाल्याला मारधाडीची फिल्म परवडायची ती अशीही. जुनी झाली, ओरखडे पडले, मधल्या दोन जागी तुटून जोडली, तरी गोष्ट कळते.

आणखी एक गोष्ट मला या मुलखाची वाटते. निझामाच्या राज्यात कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, वरच्या इयत्तांचं शिक्षण उर्दू. पुण्या-साताऱ्याच्या प्रेक्षकाला 'हिम्मत-ए-मर्दा' किंवा 'जंग-ए-आझादी' ही नावं थोडी परकी वाटली असतील. धाराशिवच्या बाजारपेठेत मात्र हे शब्द रोजचे होते. फिर्याद, मुद्दई, जामीन, खंजीर, दगाबाज, हे आमच्या मराठीतही मुरलेले. वगनाट्यातला कोतवाल आणि स्टंटपटातला कोतवाल एकाच घरचे. खलनायक गावच्या देशमुखासारखा बोलायचा आणि नायक बेधडक उलट उत्तर द्यायचा. ज्या राज्यात उलट उत्तर देणं जिवावर बेतायचं, तिथे पडद्यावरच्या त्या उत्तराला किती टाळ्या पडल्या असतील! १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेली भारताची फौज सगळ्यात आधी नळदुर्गात शिरली. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष या भागाने रझाकारांचा जाच सोसला होता. त्या लोकांसाठी जुलमी राजाची गोष्ट ही लांबच्या देशातली परीकथा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर भगवानदादांनी मोठी उडी घेतली. राज कपूरने त्यांना सांगितलं म्हणे, आता सामाजिक चित्रपट काढ. १९५१ चा 'अलबेला' आला. गीता बाली नायिका, सी. रामचंद्रांचं संगीत, आणि नायक म्हणजे ठेंगणा, जाडसर, तालमीतल्या अंगाचा भगवान. तो नाचू लागला तो असा की कुठल्याही माणसाला वाटावं, हे मलाही जमेल. खांदा किंचित हलवायचा, हात कोपरात दुमडायचे, पाय जागचे फारसे हलवायचे नाहीत. पुढे मोठमोठ्या नटांनी ती ढब उचलली. जुहूला पंचवीस खोल्यांचं घर आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी, असा त्या वैभवाचा हिशेब अजून सांगतात.

ते टिकलं नाही. 'झमेला' बेताचा चालला, पुढचे पडत गेले. किशोरकुमारला घेऊन काढायला घेतलेला 'हँसते रहना' अपुरा राहिला आणि त्यात फार मोठी रक्कम बुडाली. घर गेलं, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. दादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळतील ती दोन-दोन मिनिटांची कामं करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या दारावरून जाताना बँडवाले 'अलबेला'ची चाल धरायचे आणि दादा खाली उतरून दोन पावलं टाकायचे, असं दादरकर सांगतात.

'अलबेला' राहिला, 'भागम भाग' राहिला. पण ज्यांच्या जोरावर स्टुडिओ उभा राहिला ते बहुतेक मारधाडीचे चित्रपट गेले. गोदामाच्या आगीत निगेटिव्ह जळाल्या, असं सांगितलं जातं. न पटण्याजोगं काही नाही. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्याखालीही जळत राहते, आणि न पेटता राहिली तरी वर्षानुवर्षांच्या उष्म्याने चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. शिवाय त्या फिल्मवर चांदी असते. भंगारवाल्याने किती चित्रपट चांदीसाठी धुऊन काढले याची गणती नाही. हजाराहून अधिक मूकपट या देशात निघाले, त्यातले पुरे-अपुरे मिळून तीसही हाती नाहीत. जानेवारी २००३ मध्ये तर पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामालाच आग लागली.

अमेरिकेत 'डिटूर'चं काय झालं ते पाहा. कंपनी उरली नाही, हक्क कुणाचे राहिले नाहीत, खराब प्रती वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. पण १९९२ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून त्याची नोंद झाली, आणि २०१८ मध्ये जगभरच्या संग्रहांतल्या प्रती जुळवून तो नव्यासारखा उजळला गेला. सहा दिवसांच्या म्हणून हिणवलेल्या चित्रपटासाठी माणसांनी वर्षं घातली. आपल्याकडे पी. के. नायरांनी हे काम जवळजवळ एकहाती केलं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि त्यांच्यासारख्या माणसांच्या पायपिटीमुळे 'दिलेर जिगर' तिथे सुखरूप आहे.

'क्रिमिनल' कुठे आहे? 'बदला' कुठे आहे? व्हिडिओ आल्यावर, १९८० नंतर, तंबूवाले एकेक करून बसले. प्रोजेक्टर भंगारात गेले, पेट्या माळ्यावर चढल्या किंवा धान्याच्या कोठीशेजारी पडल्या. बार्शी, लातूर, कळंब, उमरगा, सोलापूर अशा गावांत ज्यांच्या घरी तंबू होता त्यांच्या नातवंडांनी त्या पेट्या एकदा खाली उतरवाव्यात. पत्र्याच्या डब्याला गंज असला, आतून उग्र वास आला तर घरात उघडायची घाई करू नये, उन्हात ठेवू नये, आणि विडी-काडी जवळ नेऊ नये. डब्यावरचं नाव, रिळाचा नंबर आणि वितरकाचं लेबल वाचून उतरवून घ्यावं, फोटो काढावा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं. पूर्ण चित्रपट मिळाला नाही तरी चालेल, चौथं आणि सातवं रीळ सापडलं तरी पुष्कळ.